अकॉन्ड्रोप्लेसिया: आईवडील सामान्य उंचीचे असले तरी

आईवडील दोघंही सामान्य उंचीचे, मग बाळाचा अकॉन्ड्रोप्लेसिया (हाडं नीट न वाढल्याने उंची खूप कमी राहण्याचा जन्मजात आजार) जनुकीय कसा, हा प्रश्न रास्त आहे. सुमारे ८० टक्के बाळांच्या बाबतीत असंच असतं. जनुकातला बदल नव्याने घडलेला असतो, बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत. आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घरातल्या थोरांना हे ठणकावून सांगा.

जनुक एफजीएफआर३, गुणसूत्र ४ वरचं. त्याचा या आजाराशी संबंध १९९४ साली कळला. त्यापासून बनणारा ग्राही (पेशीवरचं, संदेश झेलणारं प्रथिन) हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या वाढीला मुळातच ब्रेक लावतो. या प्रथिनात ३८० व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन आलं की ब्रेक दाबलेलाच राहतो. म्हणजे जनुक निकामी होत नाही, उलट जास्तच काम करतं! त्यामुळे कॅल्शियम, टॉनिक यांनी उंची वाढत नाही. २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झालेलं व्होसोरिटाइड हे औषध पेशीच्या आत या ब्रेकच्याच संदेशाची वाट अडवतं. मात्र रोज इंजेक्शन, तेही वाढ थांबण्याआधीच.

तान्ह्या बाळात उंचीच्या आधी कवटीच्या तळाचं, मज्जारज्जू जातो ते छिद्र अरुंद आहे का, ते तपासून घ्या. झोपेत श्वास अडखळत असेल तर डॉक्टरांकडे न्यायला अजिबात थांबू नका.