मदत हवी आहे: सातेरीचा मध फसफसतोय, आणि एका पेटीत जाळं धरलंय

कुडाळकरीण:
नमस्कार मंडळी. कुडाळजवळच्या वाडीत राहते. नवरा गोव्यात नोकरीला, घरी मी आणि सासूबाई. हापूसची वीसेक कलमं, थोडा काजू, परसात रातांबे. गेल्या वर्षी मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, दोन पेट्या आणल्या. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्यांपासून सांभाळल्या. सगळं बरं चाललं होतं.

मे संपता संपता आभाळ भरून आलं, म्हणून घाईत मध काढला. दोन्ही पेट्यांचा मिळून तीन किलो. आता कबूल करते, सगळ्या चौकटी मेणाने बंद झालेल्या नव्हत्या. दोन-तीन तर जेमतेम वरच्या बाजूला बंद होत्या, खाली घरांत मध नुसता चमकत होता. म्हटलं, पावसात वाया जाण्यापेक्षा काढून घेऊ. पाव किलोच्या बारा बाटल्या भरल्या. लेबलवरचं चित्र पुतण्याने काढलं, त्यात माशीला आठ पाय आहेत, पण तो विषय वेगळा.

चार बाटल्या मुंबईला ओळखीत विकल्या. गेल्या आठवड्यात फोन आला, झाकण उघडताना फस्स झालं आणि वर फेस आला. मी घरातली बाटली उघडली, तर तेच. वास ताडीच्या वळणाचा. समोरच्या बाई थेट म्हणाल्या नाहीत, पण "साखर घातली होती का?" असं विचारलं. ते लागलं. शेजारच्या काकांनी कापसाची वात मधात बुडवून पेटवली. ती चरचरली नि विझली. झालं, आता वाडीतही तीच चर्चा.

सासूबाई दरवर्षी आगळ, म्हणजे मीठ घातलेला रातांब्यांचा (कोकमाचा) रस, करतात. त्या म्हणतात, "माज्या आगळाक इतक्या वर्सात कधी फेस इलो नाय, तुज्या मधाक कित्या इलो?" उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरं दुखणं. एका पेटीतली ये-जा कमी झालीये. परवा तासभर उघाड मिळाली तेव्हा झाकण काढलं. कडेच्या दोन पोळ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बोगदे, तळफळीवर काळे बारीक दाणे. मधल्या पोळ्यावर माश्या आहेत, राणीही दिसली. फोटो चढत नाहीयेत, इथे रेंज म्हणजे नशिबाचा खेळ.

जवळच्या एका कार्यालयात जाऊन आले. उत्तर मिळालं, "आंब्यावरच्या तुडतुड्याचं विचारा. माश्यांचं बघणारे साहेब बदलून गेले." मध वाचेल का, पेटी वाचेल का, आणि बघायला येईल असं माणूस कुठे मिळेल?

आंबोलीचा मधपाळ:
ताई, साखर नाही, पाणी. मकरंद पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पुरेसा दाट झाला की घरावर मेणाचं झाकण लावतात. ते झाकण म्हणजे त्यांनी मारलेला "तयार" असा शिक्का. तुम्ही शिक्क्याआधीचा माल काढलात. विक्रीच्या मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर नसावं असा नियम आहे. सातेरीचा मध मुळातच पातळ, त्यात मेअखेरची दमट हवा, आणि मध हवेतलं पाणी ओढून घेतो. पाणी वाढलं की मधातलंच यीस्ट जागं होतं. तो फेस त्याचाच.

चौकटीचा निदान तीन चतुर्थांश भाग बंद झाल्याशिवाय मध काढायच्या यंत्रात घालू नका. पाणी मोजायचं छोटं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, चार-पाच मधपाळांनी मिळून घ्यावं. वातीचा प्रयोग मात्र बंद करा. वात चरचरते ती पाण्याने. साखर घातली की नाही ते वात सांगत नाही.

फसफसलेला मध विकू नका. विकलेल्या चारही बाटल्यांचे पैसे परत करा आणि कारण सांगा. घरचा उरलेला मध पातेल्यातल्या गरम पाण्यात बाटली ठेवून 60-65 अंशांवर अर्धा तास ठेवलात, तर यीस्ट थांबेल, पण आंबूस चव जाणार नाही. माश्यांनाही तो परत पाजू नका, पोट बिघडतं त्यांचं. आणि एक, मध चांगला असो की वाईट, वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवायचा नाही.

सासूबाईंना सांगा, आगळात मीठ भरपूर आणि कोकम आंबट, त्यामुळे जंतूंना तिथे थारा नाही. मधाची राखण मुख्यतः दाटपणा करतो.

वेंगुर्ल्याची नीरा:
विषय निघालाच आहे तर घुसते. कोकमाचं सरबत विकायचं असेल तर त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, लाल रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट, तेही ठरलेल्या प्रमाणात, काट्यावर मोजून. आणि माझी शंका: कच्च्या फणसाच्या फोडी साध्या पाण्यात उकळून बाटलीबंद केल्या तर वर्षभर टिकतील का? बहिणीने मागितल्यात.

निवृत्त विस्तारवाला:
नीराताई, नको. कच्चा फणस आंबट नसतो. अशा बिनआंबट पदार्थात, बंद बाटलीत, हवा नसताना बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, जंतू वाढू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत, त्याला दाबाखालचं तापमान लागतं, म्हणजे कारखान्याचं यंत्र. बाटली फुगेलच असं नाही आणि वास येईलच असंही नाही. फोडी वाळवा किंवा लोणचं घाला.

कुडाळच्या ताईंसाठी. नोकरीत असताना माझ्याकडे लोक कागदात गुंडाळलेलं पान घेऊन यायचे आणि म्हणायचे, "रोग सांगा." पान बोलतं, पण अर्धंच. तुमचं वर्णन चांगलं आहे. जाळं आणि काळे दाणे म्हणजे मेणकिड्याची अळी. तो कमजोर पेटीत शिरतो, म्हणजे आजार आधी, किडा नंतर. कमजोरी उपासमारीची असेल तर सोपं. इथे जून ते सप्टेंबर फुलं कमी, माश्या उपाशी. पण एक गोष्ट बघा: अळ्या घरात पाठीवर, होडीसारखं टोक वर करून मेलेल्या आहेत का? टाचणीने उचलली तर पाण्याची पिशवी निघते का? तसं असेल तर थाई सॅकब्रूड, म्हणजे विषाणू. त्यावर औषध नाही. कोणी प्रतिजैविक द्यायला सांगितलं तर देऊ नका, ते मधात उतरतं.

आता दार कुठलं. तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किर्लोसला आहे. अशा केंद्रात वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ असतात. "साहेब आहेत का" असं विचारू नका, "पीक संरक्षणाचे विषय विशेषज्ञ कोण?" असं विचारा आणि लेखी अर्ज द्या, म्हणजे भेटीची नोंद होते. माश्यांच्या खास प्रश्नाला महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, ती 1962 पासून आहे. नमुना पाठवायचा झाला तर पोळ्याचा तुकडा कागदात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते, मग तिकडचे लोक बुरशीच तपासत बसतात.

कुडाळकरीण:
आभार. काल किर्लोसला फोन केला, अर्जही दिला. गुरुवारी एक मॅडम येतायत. होडीसारख्या अळ्या नाहीत, उरलेल्या पांढऱ्या नि वळलेल्याच आहेत. मुंबईच्या चौघांचे पैसे पाठवले. त्यातल्या एकीने परत केले, म्हणाली पुढच्या वर्षीचा आगाऊ समजा. सासूबाईंना मीठ-आंबटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ता माका ठाऊकच आसा."

गुरुवारपर्यंत जाळं धरलेली पोळी काढू का? पाऊस थांबत नाहीये.

आंबोलीचा मधपाळ:
उघाड मिळाली तरच, आणि पटकन. कडेची दोन काढून मेण वितळवा, मॅडमना दाखवायला वीतभर तुकडा ठेवा. माश्यांनी झाकलेल्या तेवढ्याच चौकटी आत राहू द्या. संध्याकाळी साखर आणि पाणी निम्मंनिम्म करून पाक पेटीच्या आतच ठेवा, बाहेर ठेवलात तर मुंग्या आणि दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटून नेतील. पाकात दोन काड्या टाका, नाहीतर बुडून मरतात.