‘सिल्हूट’ आणि ‘एनग्रेव्हर’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: शार्ल द सँ-मेमँ या आपल्याकडे फारशा माहीत नसलेल्या फ्रेंच कलावंतावर लिहितोय. क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून हा १७९३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि पुढे पोटासाठी तांब्यावर चेहरे कोरू लागला. ‘सिल्हूट’ला, म्हणजे एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या सावलीसारख्या काळ्या चित्राला, ‘छायाचित्र’ आणि ‘एनग्रेव्हर’ला ‘उत्कीर्णक’ चालेल?

– ‘छायाचित्र’ चपखल खरा, पण तो फोटोने कधीच बळकावलाय. ‘छायाकृती’ घ्या. इंग्रजही आधी या चित्रांना ‘शेड’ म्हणजे सावलीच म्हणत. सिल्हूट हे मुळात आडनाव. एत्येन द सिलुएत १७५९ मध्ये जेमतेम काही महिने फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीची इतकी टर उडाली की स्वस्तातल्या वस्तूंना त्याचं नाव चिकटलं, तसं या स्वस्त चित्रांनाही.

– पण सँ-मेमँच्या कोरीव चित्रांना छायाकृती कसं म्हणणार? फिजिओनोट्रेस नावाच्या यंत्राने तो चेहऱ्याची कड गिरवून घ्यायचा, मूळ आकाराचं रेखाटन पूर्ण करायचा आणि ते लहान करून दोन-सव्वादोन इंचांच्या गोलात तांब्यावर उतरवायचा. १८०४ मध्ये अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन चित्रासाठी त्याच्यासमोर बसला होता. त्या चित्रात डोळा, कान, केस सगळं दिसतं. इथे ‘एका बाजूने काढलेला चेहरा’ असंच लिहा.

– आतलं काही न दिसणं हे कागद कापून केलेल्या छायाकृतींचं. रंगवलेल्या छायाकृतींचं तसं नाही. लीड्सचा जॉन मायर्स प्लॅस्टरवर चेहरा काळाभोर रंगवी, पण केस आणि कपड्यांची झालर पातळ रंगात, इतकी तलम की मागचं पांढरं दिसावं. कवी रॉबर्ट बर्न्सची छायाकृती त्याने १७८७ मध्ये केली. आणि हो, ‘रंगीत छायाकृती’ नको, वाचकाला लाल-निळं दिसेल. ‘रंगवलेली’ म्हणा.

– ‘उत्कीर्णक’ कोशातच बरा. ‘खोदकाम करणारा’ म्हटलं की कुदळ-फावडं आठवतं, ‘ताम्रपट’ म्हटलं की राजाचं दानपत्र. भांड्यावर आपण नाव घालतो, अंगठीवर कोरून घेतो. तेव्हा ‘तांब्यावर चित्रं कोरणारा’. चार शब्द जास्त गेले तर जाऊ देत.

प्रश्नकर्ता: पटलं. मग छापून निघालेल्या कागदाला ‘प्रत’ म्हणू की ‘ठसा’?

– ‘ठसा’ तर छापण्याच्या साच्यालाही म्हणतात, घोटाळा होईल. सँ-मेमँ गिऱ्हाइकाला मोठं रेखाटन, कोरलेला पत्रा आणि डझनभर छाप असं सगळं एकत्र द्यायचा. पत्रा घरीच, म्हणजे हवं तेव्हा आणखी काढून घ्या. ‘छाप’ घ्या. या सगळ्याचे तो पुरुषांना २५ डॉलर लावायचा, बायकांना ३५. हा फरक का, तेही लेखात येऊ द्या.