शब्दचर्चा: स्मरणरंजन, गतकातरता आणि ‘टिपलेला’ फोटो

प्रश्न:
छायाचित्रकार जेम्स व्हॅन डर झी यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या ‘ब्लॅक’ वस्तीत काढलेल्या व्यक्तिचित्रांवर लिहिते आहे. त्यांतल्या नॉस्टॅल्जियाला स्मरणरंजन म्हणावं की गतकातरता? आणि ‘ब्लॅक’साठी कृष्णवर्णीय की काळे?

प्रतिसाद १:
स्मरणरंजनात आठवणींचं सुख आहे, गतकातरतेत हुरहुर. नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली वैद्यकाचे विद्यार्थी योहानेस होफर यांनी घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी घडवला, म्हणजे मुळात तो दुखण्याचाच. त्या हिशोबाने गतकातरता जवळचा.

पण ताई, हे दोन्ही शब्द फोटो पाहणाऱ्यांना लावा, फोटोतल्या माणसांना नको. व्हॅन डर झी यांच्या १९३२ च्या फोटोतलं ते जोडपं आठवा: अंगात रॅकूनच्या कातड्याचे कोट, शेजारी झळाळती कॅडिलॅक मोटार. महामंदीचं वर्ष, आणि हे दोघं असे ऐटीत! ती माणसं आपला वर्तमान मिरवत होती. अमेरिकेच्या दक्षिणेतला वर्णद्वेषाचा जाच मागे टाकून असंख्य कुटुंबं तेव्हा हार्लेमला आली होती. गेलेल्या काळासाठी झुरण्याचं त्यांना काय कारण? जुनेपण आपल्या नजरेत आहे.

प्रतिसाद २:
सहमत. आणखी एक विनंती, ‘हार्लेमचं जीवन टिपलं’ असं लिहू नका. टिपणं म्हणजे समोरच्याच्या नकळत पकडणं. पक्षी दाणा टिपतो, शिकारी सावज टिपतो. इथे तर लोक ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत यायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे बसायचे. व्हॅन डर झी निगेटिव्हवर हाताने काम करून चेहरा उजळवायचे, कधी दागिनाही रेखाटायचे. आपल्याकडे यासाठी नेमकं क्रियापद आहे: फोटो ‘काढून घेणे’. त्यात बसणाऱ्याची इच्छा आणि मान दोन्ही येतात. ज्यांचे फोटो बाहेरच्यांनी बहुधा दैन्य किंवा गुन्हेगारी दाखवायला वापरले, त्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

प्रश्नकर्ती:
‘काढून घेतलेली व्यक्तिचित्रं’ घेते, आभार. पण काळे की कृष्णवर्णीय?

प्रतिसाद १:
मी काळे लिहितो. कृष्णवर्णीय हा वर्तमानपत्री शब्द. सभ्य आहे, पण रंगाचा उच्चार टाळल्यासारखा वाटतो. साठच्या दशकात ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ म्हणत त्या समाजाने तो शब्द अभिमानाने स्वतःचा केला, आणि हार्लेममध्येच क्वामे ब्रॅथवेट यांनी आपल्या फोटोंतून त्या घोषणेला चेहरे दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेतलं, तेव्हा ‘दलित’ या शब्दातही तोच ताठपणा होता.

प्रतिसाद २:
भर घालतो. काळे वापरा, पण ‘काळे लोक’ किंवा ‘काळा समाज’ असं. नुसतं ‘काळे’ घरगुती बोलण्यात हिणवणारं होऊ शकतं. काळ्या लोकांचे नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेसाठी व्हॅन डर झी यांनी १९२४ मध्ये फोटो काढले होते. तिच्या नावात ‘नीग्रो’ आहे. ते विशेषनाम म्हणून तसंच ठेवा, तुमच्या वाक्यात मात्र तो शब्द नको.