मदत हवी आहे: तैलरंगात पांढरी शेवंती मळकट होतेय

नमस्कार मंडळी. जलरंग बरीच वर्षं केले, तैलरंग हातात घेऊन दोनच महिने झालेत. तांब्यात पांढरी शेवंती आणि दोन जास्वंदी मांडून १२ बाय १६ इंची कॅनव्हासवर चित्र सुरू केलंय. टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पहिला थर नीट वाळला. घोळ पुढे आहे. पाकळ्यांच्या सावलीला निळा-जांभळा लावला की तो खालच्या ओल्या टायटॅनियम व्हाइटमध्ये कालवला जातो आणि नुसता राखाडी चिखल! वाळेपर्यंत थांबावं, तर जास्वंद संध्याकाळीच मान टाकते. (शेवंती बिचारी टिकते.) मग फुलं एकाच बैठकीत उरकावीत, की आधी सावल्या लावून पांढरा शेवटी जाडसर द्यावा? वरच्या थरात जवसाचं तेल साधारण किती घालता? फोटोवरून रंगवायला मन घेत नाही.