टेकओव्हर 'फेटाळला', 'रोखला' की 'अडवून ठेवला'?

टाइनकाठ
न्यूकासल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या २०२०-२१ मधल्या विक्रीच्या वादाचा घटनाक्रम मराठीत लिहितोय. पहिल्याच वाक्यावर अडलोय. चाहते सर्रास म्हणतात, प्रीमियर लीगने, म्हणजे क्लब ज्या स्पर्धेत खेळतो तिने, सौदा 'ब्लॉक' केला. 'फेटाळला' लिहिलं तर चुकतं. एप्रिल २०२० मध्ये प्रकरण लीगकडे गेलं, ३० जुलैला सौदी निधी आणि इतर खरेदीदारांनीच माघार घेतली, आणि मधल्या काळात लीगने ना होकार दिला ना नकार. 'रोखला' म्हटलं तर काही आदेश निघाला असं वाटतं. काय लिहू?

दफ्तरी
'अडवून ठेवला'. नुसतं 'अडवला' नाही. फाइल अडवून ठेवतात तेव्हा तिच्यावर नकाराचा शेरा कुणीच मारत नाही, ती फक्त पुढे सरकत नाही. इथे तेच झालं.

उभी_रेघ
'अडवून ठेवला'मध्ये हेतू चिकटतो, आणि वाद तर हेतूचाच होता. ९ सप्टेंबर २०२० ला क्लबने निवेदन काढलं की लीगने सौदा नाकारला. लीगने लगेच ते खोडून काढलं. नियंत्रण कुणाचं राहणार हे ठरवायला लवादाचा पर्याय दिला होता, तो खरेदीदारांनी घेतला नाही, असं लीगचं म्हणणं. म्हणून 'रखडला' लिहा. कर्त्याशिवायचं क्रियापद इथे प्रामाणिक आहे.

दफ्तरी
कर्ता गाळला की लीग आपोआप सुटते. तीन महिन्यांवर उत्तर न देणं हीसुद्धा कृतीच आहे.

कोशाळू
क्रियापदाआधी नाम नीट करा. वर्तमानपत्रांनी या सौद्याला 'अधिग्रहण' म्हटलंय, ते हिंदीतून उचललेलं. मराठी कारभारात अधिग्रहण म्हणजे टंचाईत तहसीलदार खासगी विहीर घेतात किंवा निवडणुकीला गाड्या घेतात ते. मालकी मूळ मालकाकडेच राहते, काम झालं की वस्तू परत. कायमचं घेणं ते संपादन, म्हणून 'भूसंपादन'. तेव्हाचा मालक माइक ॲशलीने सुमारे ३०.५ कोटी पौंडांना क्लब विकून टाकला. ते अधिग्रहण कसं?

पानशेवट
क्रीडापानावर 'क्लबचं संपादन' छापलं तर वाचक स्मरणिका शोधेल. वापर जिंकतो, अधिग्रहण आता रुळलंय. नाहीतर सरळ 'ताबा'.

कोशाळू
रुळलं म्हणून बरोबर होत नाही. विहिरीवाल्या शेतकऱ्याला विचारा, तो दोन्हींतला फरक चोख सांगेल.

उभी_रेघ
'ताबा' तर नकोच. ताबा म्हणजे कब्जा: किल्ली मिळाली, ताबापावतीवर सही झाली. या प्रकरणाचा गाभा 'नियंत्रण' आहे. लीगच्या नियमावलीत विभाग एफ, म्हणजे मालक-संचालकांची कसोटी. ज्याच्या सूचनेबरहुकूम क्लबचा कारभार चालतो, तो कागदावर नसला तरी संचालक धरला जातो. सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधीचा वाटा ८० टक्के, त्यामुळे त्याच्याबद्दल प्रश्नच नव्हता. प्रश्न होता त्याच्या मागच्या सौदी राज्याचा, कारण निधीचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. शेवटी ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदा झाला तो, राज्याचं क्लबवर नियंत्रण राहणार नाही अशी कायद्याने बांधणारी हमी मिळाल्यावर. 'ताबा निधीचा, नियंत्रण राज्याचं नाही', या वाक्याला दोन वेगळे शब्द लागतातच.

टाइनकाठ
मान्य. पण पुढे याहून वाईट खड्डा आहे: 'लवाद'. भांडण दोन ठिकाणी चालू होतं. क्लबचा लीगविरुद्धचा दावा लीगच्या नियमांनुसार तीन लवादांपुढे. ॲशलीच्या सेंट जेम्स होल्डिंग्ज या कंपनीचा दावा स्पर्धा अपील ट्रायब्युनलपुढे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेचे दावे ऐकणाऱ्या ब्रिटनच्या ट्रायब्युनलपुढे. आपण राष्ट्रीय हरित लवाद, कृष्णा पाणीतंटा लवाद म्हणतो, म्हणजे ट्रायब्युनलही लवादच. आता लीगचा अर्ज मराठीत आणा: 'लवादापुढचा दावा स्थगित करा, कारण हा वाद लवादानेच सोडवायचा आहे.' वाचकाने काय समजायचं?

दफ्तरी
ट्रायब्युनलला 'न्यायाधिकरण', सुटला प्रश्न. लवाद मुळात माणूस. 'लवाद नेमला' म्हणतो ना आपण? क्लबने प्रमुख लवाद मायकेल बेलॉफ यांना हटवायची मागणी केली होती, कारण २०१७ मध्ये त्यांनी याच विभाग एफमधल्या दुरुस्तीवर लीगला सल्ला दिला होता. उच्च न्यायालयाने मागणी मानली नाही. तिथे 'लवादाला हटवा' किती स्वच्छ बसतं.

पानशेवट
हरित लवाद सगळ्यांच्या तोंडी असताना न्यायाधिकरण कोण म्हणणार?

कोशाळू
ज्याला अर्थ पोचवायचा आहे तो. आणि 'स्थगित' जपून वापरा. जुलै २०२१ मध्ये लवादांपुढची सुनावणी २०२२ वर गेली, ती 'तहकूब'. सप्टेंबरअखेर न्यायाधिकरणापुढे लीगने मागितली ती 'स्थगिती'. पहिल्यात तारीख बदलते, दुसऱ्यात दावाच थांबतो. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाला हा फरक कळणारच नाही.

उभी_रेघ
माझी शंका 'राज्य' शब्दाबद्दल. मराठीत 'सौदी राज्य' म्हटलं की घटकराज्य वाटतं. 'सौदी सरकार' लिहावं का?

दफ्तरी
सरकार नको. २०२३ मध्ये अमेरिकेत गोल्फच्या खटल्यात याच निधीच्या वकिलांनी सार्वभौम संरक्षण, म्हणजे परदेशी न्यायालयापासून देशाला मिळणारी सूट, मागितलं आणि निधीचे गव्हर्नर यासिर अल-रुमय्यान हे सौदी सरकारचे विद्यमान मंत्री असल्याचं म्हटलं. तेच न्यूकासलचे अध्यक्ष. 'सरकार' लिहिलंत तर हमीचं वाक्यच तुटतं.

उभी_रेघ
तुटू द्या की. तुटतंय हे मराठी वाचकाला कळायला नको का?

कोशाळू
'राजसत्ता' लिहा. निधी, मंत्री, युवराज, सगळे त्यात येतात.

पानशेवट
राजसत्ता म्हणजे फक्त राजघराणं. निधी त्यात कसा येईल?