तुलना करायचीच तर कोणाशी?

पर्वतीवाला: काल पर्वती उतरताना आमच्यातले एक काका सुरू झाले. लेकाकडे सिंगापूरला महिनाभर राहून आलेत. "तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि आपल्याकडं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, सिंगापूर साधारण 730 चौरस किलोमीटर. एकट्या पुणे जिल्ह्यात तशी वीसएक मावतील. देशानं स्वतःच्या कालच्याशी तुलना करावी. 1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्के होती, 2011 ला 74. ही मजल कमी आहे?

ताकभात: पोरगं काठावर पास झालं म्हणून पेढे वाटा, पण बाकी वर्गाचा निकाल बघायचाच नाही? 1990 च्या सुमारास चीनचं दरडोई उत्पन्न जवळपास आपल्याएवढंच होतं. आज चौपटीहून जास्त आहे.

पर्वतीवाला: तिकडं एका सहीवर वस्ती उठते. आपण बालभारती-पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायचा की नाही यावर किती वर्षं भांडतोय! मला ते भांडण हवंय. ते उत्पन्नाच्या आकड्यात कुठं दिसतं?

ताकभात: भांडण हवं, मान्य. निकाल कधी लागणार?

हडपसरची सून: चीन राहू द्या, बांगलादेश घ्या. 1971 ला आपल्याहून गरीब, आज सरासरी आयुर्मान आपल्यापेक्षा जास्त. मी अंगणवाडीत आहे म्हणून एवढंच सांगते. 1980 च्या दशकात तिथल्या 'ब्रॅक' संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवायच्या. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसतं सांगून निघून जायच्या नाहीत, समोर करून घ्यायच्या. एकट्या गुळामिठानं आयुर्मान वाढलं असं नाही, पण कितीतरी लेकरं वाचली.

पर्वतीवाला: ताई, जलसंजीवनी 1971 ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत आपल्याच दिलीप महालनबीस डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली होती. विसरू नका.

हडपसरची सून: विसरले नाही हो, तेच तर खुपतं. छावणी आपली, डॉक्टर आपले, आणि घरोघर पोचवली शेजाऱ्यांनी. हे नुसतं आपल्या कालच्याकडं बघून कळलं असतं का?

पर्वतीवाला: हं. उद्या काकांना सांगतो. पण ते म्हणणार, "बांगलादेशाशी तुलना? शोभतं का आपल्याला?"

ताकभात: त्यांना म्हणावं, सिंगापूरशी शोभते का?