१२ खाटांच्या आयसीयूत थीसिसला कोणता विषय झेपेल?

रात्रपाळी
डीएम (एमडीनंतरची पदवी) क्रिटिकल केअर, पहिलं वर्ष. महिन्याला सेप्टिक शॉकचे (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेले) साधारण १५ रुग्ण येतात, डेटासाठी १८ महिने आहेत. गाइड सरांचा विषय: नॉरॲड्रेनालिनला व्हॅसोप्रेसिनची जोड (दोन्ही रक्तदाब वाढवणारी औषधं) लवकर दिली तर मृत्यू कमी होतात का? जमेल का?

पी_व्हॅल्यू
मृत्युदरावर नाही जमणार. ३० टक्क्यांचे २० होतील असं धरलं (एवढी अपेक्षाच जरा भाबडी आहे), तर ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फाला (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) एका गटात २९० रुग्ण लागतात, दोन्ही मिळून ५८०. तुमच्याकडे येणारच २७०. त्यातून निकषांत न बसणारे, नातेवाईक नको म्हणणारे आणि डामा (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन जाणारे वजा करा.

औषध तेच ठेवा, आउटकम (मोजायचा परिणाम) बदला. फक्त 'नॉरॲड्रेनालिन किती तास लागलं' हे मोजू नका. दुसऱ्या दिवशी दगावलेल्या रुग्णाचंही ते 'लवकर बंद' झालेलं दिसतं! २८ दिवसांतले व्हॅसोप्रेसरमुक्त (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांशिवायचे) दिवस घ्या, मृत्यू झाल्यास ०. आकडे एका टोकाला कललेले येतील, तेव्हा सरासरीवर चालणारी टी-टेस्ट नको, क्रमावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी. सॅम्पल साइझही त्याच हिशोबाने काढून घ्या.

फॉर्म_भरणारा
आधी एथिक्सची मंजुरी, मग सीटीआरआय (क्लिनिकल चाचण्यांची भारतातली नोंदवही), मगच पहिला रुग्ण. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी करत नाही. अर्ज शंका काढून परत येतो आणि तेवढ्यात तुम्ही लिहिलेली पहिल्या रुग्णाची तारीख उलटते, की अडकलात. ती तारीख सढळ हाताने पुढची टाका.

संमतीपत्रं दोन करा: एक नातेवाइकांसाठी, दुसरं रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याच्यासाठी. मराठी, हिंदी दोन्ही.

आणि सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत याचे गुण). सिडेशनवरच्या (गुंगीच्या औषधांवरच्या) रुग्णाचा जीसीएस (शुद्धीचे ३ ते १५ गुण, यावरून सोफाचे गुण ठरतात) कोणता धरायचा, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा. नाहीतर दिवसपाळीचा ३ लिहील, रात्रपाळीचा सिडेशनआधीचा १४. एकाच रुग्णाच्या सोफात ३ गुणांची तफावत.

रात्रपाळी
म्हणजे रँडमायझेशन (चिठ्ठीने गट ठरवणं) ठेवायचंच? की निरीक्षणात्मक (डॉक्टर देतील ते औषध, आपण फक्त नोंदी) पुरे?

पी_व्हॅल्यू
ठेवा. निरीक्षणात्मक केलं तर व्हॅसोप्रेसिन जास्त आजारी रुग्णांनाच मिळालेलं असेल आणि औषधच वाईट दिसेल. गटाच्या चिठ्ठ्या अपारदर्शक, सीलबंद, क्रमांक घातलेल्या पाकिटांत. पाकिटं तुमच्याकडे नकोत, फार्मसीत द्या.